उशिरा पिकलेले फळ

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



बुद्धिबळाचे नाव निघताच आज गुकेशची आठवण होते. 2019 साली, वयाची तेरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो ग्रँडमास्टर झाला आणि 2024 साली, अठरा वर्षांचा असताना, जगज्जेता. त्याचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु मी आज निराळ्याच खेळाडूचे उदाहरण आपणांपुढे ठेवणार आहे. ते आपल्या ज्ञातीचे की अन्य, हा विचार येथे अप्रस्तुत होय. गुण कोठूनही घ्यावेत.

श्री. प्रवीण ठिपसे यांचा जन्म 1959 सालचा. 1982 साली ते प्रथम राष्ट्रीय विजेते झाले आणि पुढे 1994 पर्यंत हा मान त्यांनी एकूण सात वेळा मिळविला. 1984 साली त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. 1985 साली लंडन येथे राष्ट्रकुल अजिंक्यपदाचा मान मिळाला. तथापि ग्रँडमास्टर हा किताब हाती आला तो 1997 साली. तोपर्यंत वयाने लहान असलेले विश्वनाथन आनंद 1988 साली व दिब्येंदु बरुआ 1991 साली त्या पदास पोहोचले होते.

हा विलंब का झाला? या किताबासाठी परदेशी ग्रँडमास्टरांसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी खेळून ठराविक दर्जाची कामगिरी वारंवार करावी लागते, शिवाय 2500 गुणांकन गाठावे लागते. त्या काळी आपल्या देशात अशा स्पर्धा विरळा, आणि परदेशप्रवास खर्चाचा. तरीही पहिल्या राष्ट्रीय विजयानंतर पंधरा वर्षे त्यांनी पट मिटला नाही. अखेर ते भारताचे तिसरे व महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले.

पालकहो, आपण मुलास किती अवधी देतो? एका परीक्षेत अपयश आले की "याच्या हातून काही होणे नाही" असा निकाल घरातच लागतो. वर्गात मागे राहिलेली मुले पुढे कर्तबगार निघालेली मी शिक्षक या नात्याने पाहिली आहेत. त्यांच्या पाठीशी कोणीतरी धीराने उभे होते, एवढेच.

मंडळ प्रतिवर्षी प्रथम क्रमांकास पारितोषिक देते, ते योग्यच. परंतु एकदा अपयश येऊन जो पुन्हा परीक्षेस बसतो, त्याच्या शुल्कासाठीही निधीतून थोडी रक्कम राखावी, अशी माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.