ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(खापा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



सप्टेंबर २०२५ मध्ये 'माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. तेव्हा मी इथे खाप्यात बायकांना मदत करायला बसत होते. एक बाई आल्या. आधार, पासबुक, सगळं पिशवीत नीट ठेवलेलं. मी विचारलं, "ओटीपी आला का?"

"नंबर त्याईचा हाये ताई. थे कामावर गेले. म्हणे, संध्याकाळी पाहू."

ओटीपी काही मिनिटांतच शिळा होतो. त्या बाईंनी तीन दिवस खेपा घातल्या. मजुरी बुडाली ती वेगळीच. दीड हजार रुपये तिच्या खात्यात, पण कुलपाची किल्ली नवऱ्याच्या खिशात!

शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा होता. मग विधवांनी काय करायचं? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. पण जिला नवऱ्याने नुसतंच टाकून दिलंय, तिने कुठला कागद आणायचा?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वडील बाई कुटुंबप्रमुख झाली. फोनचा कुटुंबप्रमुख मात्र अजून पुरुषच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी.

म्हणून घरात एक मोबाइल असला की घर ऑनलाइन झालं, हा हिशेब आपल्याला मान्य नाही. बाईला स्वतःच्या नावाचं सिम हवं. रिचार्जचा खर्च तिच्या हातात हवा. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे तिला ठाऊक हवं. आणि फोन हातात घेतला की "कुणाशी बोलतेस?" हा प्रश्न बंद व्हायला हवा. हा शेवटचा मुद्दा पैशाने सुटणारा नाही.

आपण दोन गोष्टी करू. बचत गटातल्या प्रत्येकीच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय, ते पुढच्या बैठकीत लिहून काढू. दुसऱ्याचा असेल तर गटाने मिळून आधार केंद्रावर जाऊ आणि तिचा स्वतःचा नंबर जोडू. आणि सरकारकडे मागणी करू, की ज्या बाईजवळ फोन नाही, तिचा हक्क फोनवाचून अडता कामा नये.

हक्क आपला आहे, तर त्याचा निरोपही आपल्याच हातात आला पाहिजे.