जुना संगणक: आधी निदान, मग खर्च

घरातला जुना संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल, तर लगेच नवा घ्यायला नागपूरचा सीताबर्डी बाजार गाठू नका. आधी दुखणं कुठं आहे ते शोधा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. साधं काम करतानाही डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवरून माहिती वाचते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. मेमरी भरलेली दिसली, तर रॅम वाढवा. घरगुती कामाला ८ जीबी पुरते. मात्र डीडीआर-३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर-४ प्रकारची रॅम बसत नाही. जुन्या रॅमवरच्या लेबलचा फोटो दुकानात सोबत न्या.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात धुळीनं पंखा जाम झाला, की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून उन्हाळ्याआधी कॅबिनेट साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला. कूलरची ओली हवा थेट संगणकावर येऊ देऊ नका.

खर्चाआधी विंडोजही पाहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यासाठी मदरबोर्डच बदलावा लागत असेल, तर तो पैसा नव्या संगणकात घाला, किंवा जुन्यावर लिनक्स टाका.

आणि कोणताही भाग काढण्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा.