संगणकाला मराठीतून कामाला लावायचे तर



कारौन्वी अनुओलुवापो हे नायजेरियातले सॉफ्टवेअर अभियंता. मागच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘योरलँग’ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा बनवली आणि ती सगळ्यांसाठी खुली करून टाकली. इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न हे शब्द घोकत जगभरातली पोरं कोडिंग शिकतात. योरलँगमध्ये त्या जागी योरुबा शब्द आले. आतले यंत्र नेहमीचेच, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आणि नोडवर चालणारे. योरुबा ही नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिनमध्ये चालणारी भाषा. ती बोलणारे चार कोटींच्या पुढे आहेत.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तरीही शाळा-कॉलेजात रुळलेली, मराठी आज्ञाशब्दांची प्रोग्रॅमिंग भाषा आज दाखवता येत नाही. मात्र लगेच ऊर बडवायचे कारण नाही, कारण तशी भाषा करणे हे या कामातले सगळ्यांत सोपे प्रकरण आहे.

किती सोपे? पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत राखीव, म्हणजे असे ठरलेले आज्ञाशब्द ३५. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण रूपात ३२. या शब्दांना मराठी प्रतिशब्द ठरवायचे आणि प्रोग्रॅम चालवण्याआधी मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी शब्द घालणारा एक छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवायचा. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी हे दिवाळीच्या सुट्टीत करू शकेल. देशात असे प्रयत्न झालेलेही आहेत. ‘हिंदवी’ने जुन्या प्रोग्रॅमिंग भाषांना हिंदी पेहराव दिला, मुथय्या अण्णामलै यांनी तमिळमध्ये ‘एळिल’ केली, स्वानंद कदम यांनी ‘कलाम’ केली. कदम हे आडनाव मराठी, पण कलामचे आज्ञाशब्द हिंदी. यात कदमांचा दोष काढू नये. हिंदीला वाचक जास्त मिळतो, एवढेच.

खरा अडथळा त्या तीस-पस्तीस शब्दांच्या पलीकडे सुरू होतो. रॅमसे नासर यांनी २०१२ मध्ये ‘कल्ब’ ही पूर्ण अरबी प्रोग्रॅमिंग भाषा केली. भाषा चालली, पण भोवतालची साधने अडखळली. कोड लिहायचे एडिटर आणि टर्मिनल उजवीकडून डावीकडे अक्षरे जोडत जाणारी लिपी नीट दाखवीनात. योरुबाची अडचण वेगळी. तिथे स्वराचा चढउतार अर्थ बदलतो. तीच अक्षरे चिन्ह बदलले की नवरा, गाडी किंवा कुदळ होतात. रोमन कीबोर्डवर ती चिन्हे सहज उमटत नाहीत, म्हणून घाईत लोक ती गाळतात. माणूस संदर्भाने समजून घेतो, संगणक घेत नाही.

मराठीची अडचण बघायला लांब जायला नको. पायथॉनला ‘मुदखेड’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येते ६. शाळेत मुलाने चार अक्षरे मोजली आणि गुरुजींनी शाबासकी दिली, तेच संगणकाला मान्य नाही, कारण तो म, उकार, द, ख, एकार आणि ड अशी सहा चिन्हे मोजतो. हाच शब्द उलटा करायला सांगितला तर ‘डखेदमु’ येत नाही, ‘डेखदुम’ येते. खचा एकार डच्या गळ्यात पडतो. एरर येत नाही, लाल ओळ दिसत नाही. उत्तर चुकीचे, आणि संगणक बिनधास्त.

पुढे जाऊ. पायथॉनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, तेव्हापासून चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या मुदखेडची फुलशेती सर्वांना ठाऊक आहे. फुलांच्या हिशेबासाठी कोणी ‘वजन’ आणि ‘भाव’ अशी दोन नावे ठेवून त्यांचा गुणाकार मागितला, तर तो बिनतक्रार होतो. पण वजनासमोर मराठी आकड्यांत १२ लिहिले की प्रोग्रॅम थांबतो. गंमत अशी, की तेच १२ वापरणाऱ्याने मजकूर म्हणून भरले तर पायथॉन त्याची संख्या करून देतो. म्हणजे मराठी आकडा त्याला वाचता येतो, कोडमध्ये मात्र चालत नाही.

आता त्याच प्रोग्रॅममध्ये ‘शेतकऱ्याचे_नाव’ असे चल घ्यायचे आहे. मराठीतला हा अर्धा र टंकित करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, दुसरीत र आणि हलन्त यांच्या मागे एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पहिले नाव पायथॉन स्वीकारतो. दुसऱ्याला न छापता येणारे अक्षर ठरवून हाकलतो. म्हणजे कोणत्या कीबोर्डवर टाइप केले त्यावर शेतकरी प्रोग्रॅममध्ये राहतो किंवा बाहेर जातो. ॲची कथा अशीच. तो एकसंध चिन्ह म्हणून युनिकोड या लिप्यांच्या जागतिक प्रमाणकात २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे लोक अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडत, अजूनही जोडतात. दिसायला एक, संगणकाला दोन. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही.

यादी लावतानाही तेच. मराठी वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, म्हणून हजेरीत कावळे आधी, काळे नंतर. साध्या क्रमवारीच्या आज्ञेत उलटे होते, कारण सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रम असावा या हेतूने ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाणकात ळला लच्या शेजारी बसवले आणि युनिकोडने तोच क्रम उचलला. निर्णय त्या काळी समजूतदारपणाचा होता. पण मराठी वर्णमाला हवी तर वेगळा नियम कोणीतरी लिहून जोडायला लागतो. आणि ‘ॲड.’ने सुरू होणारी वकील मंडळी हणमंतरावांच्याही मागे जातात.

वकिलांना हे आवडणार नाही.

यापुढचा मुद्दा वाक्याच्या घडणीचा. प्रोग्रॅमिंग भाषा बहुधा इंग्रजी वळणाने आज्ञा आधी आणि वस्तू नंतर लिहितात. मराठीत क्रियापद शेवटी येते. दोन आणि तीन घे, मिळव, दाखव. संगणकाला हा क्रम परका नाही. चार्ल्स मूर यांच्या फोर्थ भाषेत आधी संख्या आणि नंतर क्रिया असेच लिहितात. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी असते. १९८५ मध्ये तिथे फोर्थच्या पायावर ‘माइंड’ ही जपानी वळणाची भाषा झाली. पुढे आलेल्या ‘नादेशिको’ने आणखी नेमके काम केले. कोणती वस्तू कर्ता, कोणती कर्म, हे ती शब्दाला चिकटलेल्या प्रत्ययवजा अव्ययांवरून ओळखते. डेमियन कॉनवे यांनी तर २००० मध्ये लॅटिनच्या विभक्तींवर चालणारे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक रूप करून दाखवले. त्यात शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ शाबूत राहतो.

विभक्ती म्हटल्यावर मराठीच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारायला हवेत. मराठीत प्रत्यय नुसता चिकटत नाही, आधी शब्दाचे सामान्यरूप होते. रक्कम, पण रकमेतून. फूल, पण फुलाला. पाणी, पण पाण्यात. मराठी वळणाची प्रोग्रॅमिंग भाषा करायची तर ‘रकमेतून’मधली रक्कम ती वर घोषित केलेलीच रक्कम, हे संगणकाला नियमाने सांगावे लागते. तो नियम संगणकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आणि त्यानंतरच्या व्याकरणांत त्याची शिस्तशीर चर्चा आहे. म्हणून या कामाला एकटा बी.एस्सी. पुरत नाही. आज या पदवीदानाच्या मांडवात बी.ए. मराठीचे जे विद्यार्थी ‘आपल्याला संगणकाशी काय करायचे’ म्हणून मागच्या रांगेत बसले असतील, त्यांच्यावाचून हा गाडा हलत नाही. (आज्ञा ‘दाखव’ असावी की ‘दाखवा’, हा वादही त्यांनीच मिटवावा. मराठवाड्यात संगणकाला अहो-जाहो कोणी करील असे वाटत नाही.)

बी.कॉम.वाल्यांनीही सुटलो असे समजू नये. आकड्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे बहुतेक सॉफ्टवेअर हजार-दशलक्षाच्या हिशेबाने ठरवते. लाख-कोटीची मांडणी मुद्दाम मागावी लागते. संख्येची नावे तर भाषेचा गाभाच. योरुबात पंचेचाळीस म्हणताना तीन विसा घेतात, त्यातून दहा वजा करतात, मग पाच वजा करतात. मराठीत एकोणपन्नास म्हणताना पन्नासातून एक काढतात आणि पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांनी त्या बदलाची बाजू मुलांच्या अडचणीवरून मांडली होती. बाजू कोणाचीही घ्यावी, पण चेकवरची रक्कम अक्षरी लिहिणारा प्रोग्रॅम करायला बसले की एक ते शंभरच्या मराठी नावांना सोपा नियम नाही, हे तासाभरात कळते.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास तो व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुढे करतो, की नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांनी एका नियतकालिकात संस्कृत व्याकरणपरंपरा आणि ज्ञानाची मांडणी यांवर लेख लिहिला, हे खरे. नासाने संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहिले, हे खरे नाही. पाणिनीचा मान वेगळ्या ठिकाणी आहे. प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण ज्या पद्धतीने लिहितात, तिला पाणिनीचे नाव जोडावे अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्येच केली होती.

मराठवाड्याला भाषा आणि विज्ञान यांचा प्रश्न नवा नाही. हा भाग निजामाच्या राज्यात असताना १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याच्या वर्षभर आधी भाषांतरासाठी वेगळे खाते उघडले होते. गणित, वैद्यक, अभियांत्रिकी सगळे उर्दूत आणले गेले, आणि नांदेडकडची मराठी मुले ते उर्दूतून शिकली. भारतीय भाषेत अभियांत्रिकी शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पण राज्यातल्या मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्यांच्या घरात ती भाषा नव्हती, हा त्या प्रयोगाचा उणा भाग. १९४८ नंतर विद्यापीठ इंग्रजीकडे वळले. तरी एक गोष्ट उस्मानियाने ओळखली होती. नुसत्या परिभाषेच्या याद्या करून भागत नाही, पाठ्यपुस्तके आणि शिकवणारे लागतात.

मराठीतून असे शिक्षण आज कुठवर आले? २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू केली. वर्गात स्पष्टीकरण मराठीत, पण फळ्यावरचा कोड इंग्रजीत.

मराठीत कोड शिकून नोकरी मिळेल का, हा प्रश्न रास्त आहे. पुण्या-हैदराबादची कंपनी मराठी कोड मागणार नाही. पण जगात सगळीकडे इंग्रजीच चालते, हेही खरे नाही. रशियात हिशेब आणि गोदामाच्या कामासाठी सर्रास वापरली जाणारी ‘वन-सी’ ही प्रणाली रशियन आज्ञाशब्दांवर चालते. जर्मन कारकून एक्सेलमध्ये इफच्या जागी जर्मन शब्द लिहितो, आणि ती फाइल नांदेडला उघडली की तिथे आपोआप इफ दिसतो. म्हणजे शब्दांची अदलाबदल ही तांत्रिक अडचण उरलेली नाही. नेदरलँड्सच्या फेलिएन हर्मान्स यांनी २०२० मध्ये केलेली ‘हेडी’ ही शिकाऊ भाषा नेमके हेच करते. मूल पहिल्या पायरीवर स्वतःच्या भाषेतल्या दोन-तीन आज्ञा वापरते आणि पायरी पायरीने पायथॉनपर्यंत पोहोचते. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतले आकडेही तिथे चालतात. मुख्य म्हणजे चूक झाल्यावर येणारा निरोप मुलाच्या भाषेत येतो. आठवीतले पोर इफ या दोन अक्षरांना घाबरत नाही. चुकल्यावर समोर येणाऱ्या चार इंग्रजी ओळींना घाबरते आणि संगणक बंद करते. ‘वरच्या ओळीत कंस उघडला, मिटवला नाही’ एवढे मराठीत आले तर ते कंस मिटवून पुढे जाईल. मराठी प्रोग्रॅमिंग भाषेसाठी हाती थोडाच वेळ असेल, तर तो राखीव शब्दांवर न घालवता या निरोपांवर घालवावा.

हेडीची भाषांतरे स्वयंसेवक करतात, त्यासाठी कोणाची नेमणूक लागत नाही. आणि मुदखेड परिसरातल्या मुलांकडे एक भांडवल आहे, जे पुण्यातल्या मुलांकडे सहसा नसते. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या कित्येक घरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू चालते. अशा घरातला विद्यार्थी एकच निरोप दोन भाषांत लिहून दोन्हीकडे तपासू शकतो. एका भाषेत जिथे सामान्यरूप अडते तिथे दुसरीत काय होते, हे त्याला पुस्तक न उघडता सांगता येते. परीक्षा संपल्या आहेत, निकाल हातात आहे. निरोपांची पहिली शंभर वाक्ये बी.ए. आणि बी.एस्सी.च्या दोघांनी शेजारी बसून करायला घेतली, तर पुढच्या वर्षी इथे येणाऱ्या पाहुण्याला याहून वेगळ्या विषयावर बोलावे लागेल.