सुखतळ्याचें काम

धांवतांना दर पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर पडतो. टांच दुखूं लागली कीं मनुष्य मऊ बूट शोधूं लागतो. परंतु मऊपणा म्हणजे आधार नव्हे. बूट सायंकाळीं, पाऊल किंचित् फुगलेलें असतां, मोजे घालून, उभ्यानें पारखावा. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. टांच हलूं नये. नवा सुखतळा घालावयाचा असल्यास मूळचा काढून, त्याच्यासहच बूट पहावा. एकावर एक घातल्यास बोटें चेपतात.

सुखतळ्याचें खरें कार्य भार वांटून देण्याचें. १९४६ सालीं वेल्लोरला आलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांना कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवरील जखमांमागें एक साधें कारण दिसलें : वेदना कळत नसल्यानें एकाच जागीं वारंवार दाब पडून कातडी फुटे. पुढें तेथें सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ असलेलीं पादत्राणें तयार झालीं.

मधुमेहानें बधिर झालेल्या पावलासही हाच न्याय लागू आहे. अशा मनुष्यानें ‘बूट बोचत नाहीं’ या साक्षीवर विसंबूं नये. रोज तळवा पहावा, बुटांत हात फिरवून खडा नाहीं याची खात्री करावी, आणि धांवण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. ज्याला बोचतें, त्यानें बूट बदलावा. ती सूचना वेळेवर मिळणें हेंच त्याचें भाग्य.