सात मिनिटं आणि 'असं का होईल?'

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: कॉलेजच्या डिबेट टीममध्ये नाव दिलंय, आता नेमकं शिकायचं काय? तर आज पार्लमेंटरी डिबेट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला यात शिरलो, नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी ओपन स्पर्धांना जातो. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं हरून शिकलेलं आहे.

आधी खेळ समजून घ्या. ब्रिटिश पार्लमेंटरी प्रकारात एका खोलीत ४ टीम, प्रत्येक टीममध्ये २ जण. दोन टीम सरकारच्या, दोन विरोधी पक्षाच्या. विषय, म्हणजे मोशन, फक्त १५ मिनिटं आधी कळतो. बाजू आपण निवडत नाही, वाट्याला येते. इंटरनेट बघायचं नाही. प्रत्येकाला ७ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचे उठून पॉइंट ऑफ इन्फर्मेशन विचारू शकतात, तोही १५ सेकंदांत. घ्यायचा की नाही हे बोलणारा ठरवतो, पण एकही घेतला नाही तर घाबरलात असंच दिसतं. शेवटी जज १ ते ४ क्रम लावतात. एशियन प्रकारात दोनच टीम, तिघं-तिघं. डोकं मात्र तेच लागतं.

आता आपल्या मराठी शाळांतून आलेल्यांची एक अडचण असते. आपण वक्तृत्व स्पर्धांमध्ये वाढलेलो. माझ्या पहिल्या राउंडला मोशन होतं, फाशीची शिक्षा रद्द करावी. मी शेर टाकला, आवाज चढवला, शेवटी हात वर केला. चौथा नंबर. जज नंतर शांतपणे म्हणाले, "न्याय सुधारेल असं तू तीनदा म्हणालास. का सुधारेल, ते एकदाही नाही."

सगळी मेख या 'का'मध्ये आहे. मुद्दा म्हणजे नुसतं विधान नाही. ते घडेल कसं, आणि घडलं तर कुणाला किती फरक पडेल, हे दोन्ही सांगावं लागतं. कोड रिव्ह्यूला सीनियर विचारतो ना, "हे चालेल कशावरून?" तेच.

एका राउंडवरून सांगतो. मोशन होतं: दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवांवर बंदी घालावी. आम्ही क्लोजिंग अपोझिशन, म्हणजे विरोधी बाजूची दुसरी टीम. माझ्या पोटात गोळा आला, कारण माझा मामेभाऊ हेच काम करतो आणि त्या वेळी त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. पावसात गाडी घसरली होती. आणि मला बोलायचं होतं बंदीच्या विरोधात.

पहिल्या सरकारी टीमने व्याख्या नीट केली: कंपनी बंद नाही करायची, दहा मिनिटांचं आश्वासन बंद करायचं. हे त्यांचं कामच असतं, कारण धूसर व्याख्येवर सगळा राउंड वाया जातो. आमच्या बाजूची पहिली टीम रोजगार आणि ग्राहकांची सोय, दोन्ही बोलून मोकळी झाली. दुसऱ्या टीमला तेच परत बोलून चालत नाही, एक्स्टेंशन द्यावं लागतं, म्हणजे नवा मुद्दा किंवा जुन्याच मुद्द्याची न सांगितलेली बाजू. आणि आपल्याच पहिल्या टीमला खोडायचं नाही. त्याला नाइफिंग म्हणतात, आणि जज ते माफ करत नाहीत.

मला भावाचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, "दादा, दहा मिनिटं गिऱ्हाइकाला दिसतात. मला पैसे ऑर्डरमागे. तास दिला तरी मी पळणारच." झालं, एक्स्टेंशन मिळालं. मी मांडलं की घाई आश्वासनामुळे होत नाही, मोबदल्याच्या पद्धतीमुळे होते. बंदी घातली तर हाच माणूस हॉटेलचं जेवण पोचवायला जाईल, लांबच्या रस्त्यांवर, तितक्याच घाईत. खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलो.

मग सरकारी व्हिप उठली. व्हिप म्हणजे आपल्या बाजूची शेवटची वक्ता, तिने नवं काही आणण्यापेक्षा झालेल्या वादाचा हिशेब मांडायचा असतो. तिने माझा मुद्दा माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितला. मग म्हणाली, "समजा, हे सगळं खरं आहे. पैसे ऑर्डरमागेच आहेत. पण दहा मिनिटांत पोचवायचं म्हणून एका फेरीत एकच ऑर्डर नेता येते. तास मिळाला, तर एकाच सोसायटीच्या तीन ऑर्डरी एका फेरीत जातील. पैसे तेवढेच, फेऱ्या कमी." माझंच हत्यार माझ्यावर.

याला आम्ही 'जरी-तरी' म्हणतो. समोरच्याचा मुद्दा खोटा ठरवायच्या भानगडीत न पडता तो मान्य करायचा, आणि तरीही आपण का जिंकतो ते दाखवायचं. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, मग त्याचं खंडन करतात, त्याच जातीचं काम. अट एकच, समोरच्याचा मुद्दा त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात घ्यायचा. लंगडा करून पाडला, तर पुढच्या १५ सेकंदांत कुणीतरी उठून तो परत उभा करतं. म्हणून तयारीच्या १५ मिनिटांतली निदान ४ मी समोरच्या बाजूने विचार करण्यात घालवतो. तेव्हा घालवली नव्हती.

त्यांचा पहिला नंबर आला, आमचा दुसरा.

रात्री भावाकडे गेलो आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. माझं भाषण त्याने हसत ऐकलं. तिचं सुरू झालं तसा गप्प झाला, मागे नेऊन परत एकदा लावलं.

"ती पोरगी बरोबर बोलली, दादा," तो म्हणाला. "त्या दिवशी दोन ऑर्डरी शेजारच्याच बिल्डिंगमधल्या होत्या. पहिली देऊन आलो, आणि दुसरीला निघालो तेव्हा पडलो."