कुंडींतील झाड आणि बाटलींतील खत

नगर शहरांतून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर केडगांव लागतें. रेणुकामातेचें देवस्थान म्हणून हें गांव पंचक्रोशींत पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. नवरात्रांत तेथें दर्शनार्थी लोकांची रीघ लागते. एके काळीं शहराबाहेर असलेलें हें गांव आज महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि ज्या शहराला तें जोडलें गेलें त्याचें अहमदनगर हें नांवहि 2024 सालीं बदलून अहिल्यानगर झालें. शेतांच्या जागीं वसाहती उठल्या, वाड्यांच्या जागीं मजल्यांचीं घरें आलीं, आणि अंगण गेलें. अंगण गेलें तरी तुळस गेली नाहीं. ती कुंडींत बसून खिडकीशीं आली. तिच्या शेजारीं मोगरा, कढीलिंब, एखादें मिरचीचें रोप आणि मनीप्लांटचा वेल, एवढा हिरवा संसार आतां बहुतेक घरांतून दिसतो.

जमिनींतील झाड आणि कुंडींतील झाड यांत एक मोठा भेद आहे. जमिनींतील झाडाला एके ठिकाणीं जें मिळत नाहीं तें त्याचीं मुळें दुसरीकडे जाऊन शोधतात. कुंडींतील झाड वीतभर मातींत कोंडलेलें असतें. त्याला जें कांहीं मिळावयाचें तें घरच्या माणसांच्या हातून. म्हणून हयगयीनें जशीं कुंडींतील झाडें मरतात, तशींच तीं अतिमायेनेंहि मरतात.

समजा, केडगांवच्या एका घरांतील तुळस आश्विनांत पिवळी पडूं लागली. सासूबाईंनीं ती गांवाकडच्या वृंदावनांतून रोप आणून वाढविलेली. कार्तिकांत तिचें लग्न लावावयाचें. घरांतील मुलगा कृषि सेवा केंद्रांत जातो आणि तीन वस्तु घेऊन येतो: एक विद्राव्य खताची पुडी, एक काळसर टॉनिकची बाटली, आणि एक पानांवर फवारावयाचें द्रवरूप नत्र. सून एक ओतते, मुलगा दुसरें ओततो, आजीबाई न बोलतां शेणाचें पाणी घालतात. आठ दिवसांनीं पानांचीं टोकें करपतात, आणि घरांत जो तो दुसऱ्याच्या खताला दोष देतो. वस्तुतः कोणतेंहि एक खत तेथें वाईट नव्हतें. झाडाला काय हवें आहे, हा प्रश्नच कोणीं विचारला नव्हता.

हा प्रश्न विचारावयाचा तर प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. खत म्हणजे झाडाचें अन्न नव्हे. झाड आपलें अन्न सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांपासून स्वतःच तयार करतें; खतांतून त्याला मिळतात ते त्या कामास लागणारे खनिज पदार्थ. त्यांत नत्र, स्फुरद व पालाश हे तीन मुख्य. कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक हे दुय्यम. आणि लोह, जस्त, बोरॉन यांसारखे कांहीं अत्यल्प प्रमाणांत लागणारे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यानें 1840 सालच्या आपल्या ग्रंथानें या विचाराला चालना दिली, आणि त्याच्या नांवानें पुढें जो नियम रूढ झाला त्याचा आशय असा, कीं झाडाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर अडून राहते. बाजूला भोंक पडलेल्या घागरींत कितीहि पाणी ओतलें तरी तें भोंकाच्या वर चढत नाहीं. लोह कमी असेल तेथें नत्र ओतणें हें असल्या घागरींत पाणी ओतणेंच होय.

आतां केडगांवच्या कुंडींत काय असतें तें पाहूं जातां, पहिली गोष्ट माती. नगर जिल्ह्याची काळी जमीन बेसाल्ट या काळ्या खडकापासून बनलेली आहे. पाणी मिळालें कीं ती फुगते, वाळली कीं भेगाळते. कुंडींत निव्वळ काळी माती भरली तर वाळल्यावर ती कडेपासून सुटते. मग वरून घातलेलें पाणी आणि खत मुळांना न शिवतां कडेनें खालीं उतरतें. यास्तव पोयटा माती, चांगलें कुजलेलें शेणखत व थोडी वाळू यांचें मिश्रण कुंडीला योग्य. असें शेणखत घातलेलें असेल तर पहिले कांहीं आठवडे द्रवरूप खताची गरजच पडत नाहीं. दुसरें असें, कीं या मातींत बहुधा चुनखडी असते व तिचा सामू सातच्या वर, पुष्कळदां आठच्या आसपास असतो. पालाश काळ्या जमिनींत सहसा पुरेसा असतो; परंतु चुन्यामुळें स्फुरद, लोह आणि जस्त हे असूनहि झाडाला सहज लाभत नाहींत. घरांत धान्य आहे, पण कोठीला कुलूप आहे, अशी ही स्थिति.

दुसरी गोष्ट पाणी. शहराला मुळा धरणाचें पाणी मिळतें. परंतु उन्हाळ्यांत किंवा नळाला पाणी नसेल त्या दिवशीं कूपनलिकेचें पाणी कुंडींत जातें. हें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. ज्या पाण्यानें चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तेंच पाणी कुंडींतहि तो थर धरतें. झाड पाणी शोषून घेतें, कांहीं पाणी उडून जातें. क्षार मात्र जागच्या जागीं राहतात. त्यांत दर आठवड्याला खताचे क्षार येऊन मिळाले, कीं मातीचें पाणी इतकें खारट होतें कीं मुळांना तें ओढून घेतां येत नाहीं. ओल्या मातींत उभें असलेलें झाड तहानेनें करपतें तें असें.

हा धडा नगर जिल्ह्याला नवा नाहीं. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले आणि कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. त्या सुबत्तेची थोरवी मोठी. परंतु जेथें पाणी सढळ हातानें दिलें गेलें आणि निचऱ्याची वाट केली गेली नाहीं, तेथील कांहीं काळ्या जमिनी चिबड आणि खारवट झाल्या. कुंडी म्हणजे त्याच रानाची लहान प्रतिमा होय. जें रानांत होण्यास वर्षें लागलीं, तें कुंडींत एका ऋतूंत घडतें.

तिसरी गोष्ट उजेड. घराच्या आंत, खिडकीपासून चार हातांवर ठेवलेल्या कुंडीला बाहेरच्या उन्हाचा अगदीं थोडा अंश मिळतो. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणजे खनिजांची गरजहि कमी. अंधारांतील झाडाची काठी लांबते, पानें विरळ व फिकीं होतात. त्याला खत दिल्यानें कांहींच साधत नाहीं. कुंडी खिडकीशीं सरकविणें हाच त्यावर उपाय.

माती, पाणी व उजेड या तिन्हींचा विचार झाल्यावरच बाटलीचा विचार करावा. द्रवरूप खतांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग घरगुती. शेणाचें पाणी, गांडूळपाणी, भिजविलेल्या पेंडीचें पाणी आणि जीवामृत हीं त्यांत येतात. जीवामृताचा पुरस्कार विदर्भांतील सुभाष पाळेकर यांनीं केला व तें गांवोगांव पोंचलें. परंतु दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि दोनशे लिटर पाणी हा हिशेब एका एकराचा आहे, कुंडीचा नव्हे. भुईमुगाच्या पेंडींत सुमारें सात टक्के नत्र असतें. तें चांगलें खत आहे, पण आंबल्यावर घरांत दुर्गंधि सुटते व चिलटें होतात. घराच्या आंत गांडूळपाणी हेंच त्यांतल्या त्यांत सोयीचें; त्यांत दहापट पाणी मिसळून द्यावें. या वर्गाचा गुण असा, कीं योग्य पातळ केल्यास त्यानें सहसा अपाय होत नाहीं. उणीव अशी, कीं कोणता घटक किती गेला तें कळत नाहीं.

दुसरा वर्ग पाण्यांत पूर्ण विरघळणाऱ्या खतांचा. त्यांच्या पुडीवर तीन आंकडे छापलेले असतात. पहिला आंकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा, तिन्ही शेंकडा प्रमाणांत. 19:19:19 हें समतोल खत. 12:61:0 यांत स्फुरद फार. 13:0:45 यांत पालाश फार. तुळस, कढीलिंब व वेल यांसारख्या पानांसाठीं ठेवलेल्या झाडांना समतोल खतच पुरतें. फुलें यावींत म्हणून स्फुरदाचा मारा करण्याची रीत मात्र केडगांवच्या मातींत धोक्याची आहे. कारण स्फुरद फाजील झालें, कीं आधींच दुर्मिळ असलेलें लोह व जस्त झाडाला आणखी दुर्मिळ होतें. प्रमाण म्हणाल तर एक लिटर पाण्यास एक ग्रॅम ही कुंडीसाठीं वरची मर्यादा समजावी. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यांत सुमारें पांच ग्रॅम मावतें, म्हणजे एक चमचा पांच लिटरांना झाला. घराच्या आंतील झाडास याच्या निम्मेंच द्यावें. कॅल्शियम नायट्रेट वापरावयाचें झाल्यास तें स्फुरद असलेल्या खताच्या दाट द्रावणांत मिसळूं नये. दोहोंचा सांका तळाशीं बसतो आणि खत फुकट जातें.

तिसरा वर्ग सूक्ष्म द्रव्यांचा व टॉनिकांचा. येथें पारख सर्वांत अधिक लागते. लोह कमी पडल्यास 'चिलेटेड' लोह घेतात. पण त्यांतहि प्रकार आहेत. ईडीटीए या द्रव्यानें बांधलेलें लोह चुनखडीच्या मातींत फार काळ टिकत नाहीं; ईडीडीएचए यानें बांधलेलें टिकतें. मातींत घालावयाचें असेल तर केडगांवकरानें दुसरेंच मागावें, किंमत अधिक पडली तरी. टॉनिकांपैकीं पुष्कळ द्रव्यें जैव-उत्तेजकें या सदरांत मोडतात. तीं वाढीस चालना देणारीं म्हणून विकलीं जातात, खताची उणीव भरून काढणारीं नव्हेत. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेंत तीं 2021 सालीं आणलीं गेलीं. ज्या बाटलीवर घटक, त्यांचें प्रमाण आणि उत्पादनाची तारीख छापलेली नाहीं, ती कितीहि सुंदर असली तरी दुकानांतच राहूं द्यावी. द्रवरूप नॅनो युरिया हा पानांवर फवारण्यासाठीं केलेला आहे. तो कुंडींत ओतणें हा त्याचा उपयोग नव्हे.

देण्याची रीतहि निवडीइतकीच महत्त्वाची आहे. कोरड्या मातींत खताचें पाणी कधींहि घालूं नये. आधीं साधें पाणी देऊन माती ओली करावी. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदां खत पुरे. कुंडीच्या तळाशीं भोंक असावेंच, आणि दिलेल्या पाण्याचा दहावा-पांचवा हिस्सा त्यांतून निथळून बशींत यावा. बशींतील तें पाणी टाकून द्यावें; तें परत कुंडींत घालणें म्हणजे बाहेर काढलेलें मीठ पुन्हां ताटांत वाढणें होय. मातीवर पांढरा थर दिसूं लागल्यास तो खरवडून काढावा, खत बंद करावें, आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पावसाचें किंवा नळाचें पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढावी. पावसाळ्यांत पागोळीखालीं चार हंडे भरून ठेवणाऱ्या घराला हें औषध फुकट मिळतें.

आतां पुन्हां त्या तुळशीकडे वळावें. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांत असेल तर नत्र कमी आहे. समतोल खताचें पातळ पाणी एक-दोनदां दिल्यास पुढचीं पानें हिरवीं येतात. शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव आहे. तेथें ईडीडीएचए लोह द्यावें, नत्र नव्हे. टोकें तपकिरी होऊन करपत असतील तर क्षार फार झाले आहेत. तेथें साध्या पाण्यावांचून दुसरें कांहीं देऊं नये. आणि झाड मंजिऱ्यांनीं भरून आलें असेल, रात्रीं गार पडूं लागल्या असतील, तर त्याचा बहर सरत आला आहे इतकेंच. अशा वेळीं मंजिऱ्या खुडाव्या, त्यांतील पिकलेलें बीं कागदांत बांधून ठेवावें, आणि कुंडी दुपारच्या उन्हांत सरकवावी.

त्या घरांतील तीन बाटल्या व शेणाचें पाणी, यांपैकीं कोणतें द्यावें, याचें उत्तर दुकानदारापाशीं नसतें. तें त्या झाडाच्या पानावर असतें. सासूबाईंनीं चष्मा लावून, सुनेनें पान उलटून, आणि मुलानें पुडीवरचे आंकडे वाचून तिघांनीं मिळून तें पाहिलें, तर कार्तिकांत लग्न लावावयास तुळस घरचीच मिळेल. आणि यदाकदाचित् ती थंडीनें गेलीच, तर कागदांत बांधलेलें बीं उन्हाळा सरतां सरतां त्याच कुंडींत पेरतां येईल. मात्र तत्पूर्वीं तिच्यांतील माती एकदां धुऊन घ्यावी.