धावपट्टीच्या कडेची शाळा



'तू राहतेस तिथलं काहीतरी सांग,' असं संयोजकांनी सुचवलं. सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की सर्वांना गोल्डन गेट पूल आठवतो. त्या पुलाजवळच लष्कराचा एक बंद पडलेला विमानतळ आहे, क्रिसी फील्ड. आज त्याबद्दल बोलते.

मुळात ही खाडीकाठची दलदल. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी भराव टाकून ती सपाट केली आणि १९२१ मध्ये लष्करानं तिथे हवाई तळ सुरू केला. जून १९२४ मध्ये रसेल मॉन हा वैमानिक पहाटे न्यूयॉर्कहून निघाला आणि वाटेत इंधन भरत त्याच रात्री इथे उतरला. एवढा मोठा देश एका दिवसात ओलांडायची ती पहिलीच वेळ. पण जागा अडचणीची होती. धुकं, समुद्रावरचा वारा आणि आखूड धावपट्टी. त्यात १९३३ मध्ये पुलाचं बांधकाम सुरू झालं. १९३६ मध्ये मुख्य हवाई तळ म्हणून त्याचं काम संपलं. छोटी विमानं मात्र १९७४ पर्यंत येत राहिली.

मला ओढ वाटते ती तिथल्या ६४० क्रमांकाच्या इमारतीची. हा एक जुना हँगर. १ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या महिनाभर आधी, लष्करानं इथे गुपचूप जपानी भाषेची शाळा उघडली. विद्यार्थी ६०, त्यातले ५८ जपानी वंशाचे अमेरिकन. बसायला संत्र्यांची खोकी. मुख्य शिक्षक जॉन आयसो हे हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर, पण सैन्यात त्यांना ट्रक दुरुस्तीला लावलं होतं!

विद्यार्थी शोधताना लष्कराला वाटलं होतं, जपानी घरातली मुलं म्हणजे जपानी येणारच. सुमारे ३७०० जणांची पाहणी केली, तेव्हा भाषा उत्तम येणारे शंभरात फक्त तीन निघाले. ज्यांचं काही शिक्षण जपानमध्ये झालं होतं त्यांची जपानी सर्वांत पक्की, आणि सरकारला सर्वाधिक संशयही त्यांचाच.

फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला. त्याच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. पश्चिम किनाऱ्यावर या हद्दपारीचे आदेश काढणाऱ्या जनरल डेविट यांचं मुख्यालय प्रेसिडिओ छावणीत होतं, आणि हे विमानतळही त्याच छावणीचा भाग. मुलं हँगरमध्ये देशासाठी शिकत होती, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांच्याच आईवडिलांच्या हद्दपारीचे कागद तयार होत होते. मे १९४२ मध्ये पहिल्या तुकडीचे ४५ जण उत्तीर्ण झाले. मग शाळेलाच किनारा सोडून मिनेसोटाला जावं लागलं, कारण तिच्या विद्यार्थ्यांना कॅलिफोर्नियात राहायला बंदी होती.

युद्ध संपेपर्यंत या शाळेतून सुमारे ६००० जण शिकून बाहेर पडले. त्यांनी हाती लागलेली कागदपत्रं वाचली, कैद्यांशी बोलले, ब्रह्मदेशच्या जंगलात लढले. ओकिनावात गुहांमध्ये लपलेल्या सामान्य लोकांना जपानीत हाका मारून जिवंत बाहेर काढलं. काम गुप्त, त्यामुळे कितीतरी वर्षं त्यांचा उल्लेखही झाला नाही. सरकारनं छावण्यांबद्दल कायद्यानं माफी मागितली ती १९८८ मध्ये.

आज धावपट्टीच्या जागी गवताचं मैदान आहे. १९९९ मध्ये भरावाचा काही भाग काढून खाडीचं पाणी पुन्हा आत घेतलं, आता तिथे बगळे येतात. हँगरमध्ये त्या शाळेचं संग्रहालय आहे.

आमच्याकडची मुलं रविवारच्या मराठी वर्गाला जाताना विचारतात, 'याचा उपयोग काय?' त्या ५८ मुलांच्या आईवडिलांनाही घरात जपानी बोलताना उपयोग ठाऊक नव्हता. उलट त्या भाषेपायीच त्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. परक्या देशात राहणाऱ्या माझ्यासारखीला या गोष्टीतली भीतीही कळते. म्हणून मी मुलांना उपयोग सांगत बसत नाही, त्यांना ६४० नंबरच्या इमारतीत घेऊन जाते.

आणि सर, बाई, तुम्ही शिकवलेली मराठी घेऊन मीच दर रविवारी तो वर्ग घेते.